बदली माणूस

‘तिनं सासूचं फार केलं.’ मराठीत एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. काय केलं ते वाक्यात कुठेच नाही, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहतं. पहाटे बदललेलं डायपर, मिक्सरमधून काढलेली पेज, दर दोन तासांनी बदललेली कूस, आणि रात्री डोळा लागतो न लागतो तोच आलेली हाक. दुखणं ‘काढावं’ लागतं, म्हाताऱ्या माणसाचं ‘करावं’ लागतं. कर्म गाळलेलं हे क्रियापद एका अर्थी खरंच बोलतं, कारण या कामाची मोजदाद घरात कुणी ठेवत नाही. ती निघते दोनच वेळा: तेराव्याला कौतुकानं आणि वाटणीच्या वेळी भांडणात.

जगाच्या दप्तरातही वेगळी गत नाही. ‘बर्नआउट’ हा शब्द आज कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये ऐकू येतो. तो मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात सेवाभावानं राबणाऱ्या आणि हळूहळू विझत जाणाऱ्या माणसांबद्दल ते लिहीत होते. म्हणजे शब्द रुजला तोच दुसऱ्याचं करणाऱ्यांपायी. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, तेव्हा स्पष्ट लिहिलं की ही संज्ञा नोकरी-व्यवसायापुरती आहे. आयुष्याच्या इतर क्षेत्रांतल्या अनुभवांना ती लावू नये. अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या करून नर्स थकली तर तो बर्नआउट. तीच घरी येऊन अर्धांगवायू झालेल्या वडिलांना भरवताना कोलमडली, तर संघटनेच्या लेखी त्याला नाव नाही.

नाव नसलं तरी खुणा त्याच. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउटची जी मोजपट्टी तयार केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक शीण, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही भलं होत नाही ही भावना. पहिली खूण घरात सगळ्यांना दिसते. तिचं कौतुकही होतं. तिसरी कुणाला दिसत नाही. खरी अवघड दुसरी. जिच्या कुशीत लहानपणी झोपलो त्या आईकडे ‘आता हिला उचलायचं, पुसायचं, गोळी द्यायची’ एवढ्याच नजरेनं पाहणं, तोच प्रश्न पाचव्यांदा आला की खेकसणं, आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडणं. ‘सुटली तर बरं बिचारी’ असं मनात येतं, तेव्हा त्यातलं सुटणं नक्की कुणाचं, हा प्रश्न करणाऱ्याला आतून खात राहतो.

या ओझ्याचं मोजमाप करायचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या नातलगांसाठी एक प्रश्नावली केली. मूळचे २९ प्रश्न पुढे २२ झाले आणि आज जगभर तीच वापरतात. पण त्या पहिल्या छोट्याशा अभ्यासात जे निघालं, ते प्रश्नावलीच्या प्रसिद्धीत मागे पडलं. करणाऱ्याला ओझं किती वाटतं, याचा संबंध रुग्णाचा आजार किती बळावला आहे याच्याशी फारसा नव्हता. तो होता इतर नातलग किती वेळा घरी येतात याच्याशी. पाहुणे जास्त, तर ओझं कमी. (आपल्याकडे पाहुणा आला की चहा-पोहे आणखी वाढतात, हे झारिट यांच्या हिशेबात नसावं.)

त्याच सुमारास बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी मनोरुग्णांच्या कुटुंबांसाठी भारतीय प्रश्नावली बनवली. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे सहा भाग आहेत आणि पहिला भाग पैशाचा. किती पगार बुडाला, किती कर्ज झालं, कुठलं लग्न किंवा शिक्षण लांबणीवर पडलं, असे प्रश्न तिथे आधी येतात आणि मनःस्थितीचे शेवटी. हा क्रम आपल्याकडची परिस्थिती ओळखणारा आहे.

करणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा एका छोट्या प्रयोगातून आला. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या नातलगाचं करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक बारीकशी, सारख्या मापाची जखम केली. तशीच जखम त्याच वयाच्या, घरी असं दुखणं नसलेल्या १३ स्त्रियांच्या हातावर केली. करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा अभ्यास आला. जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्यापायी ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त, हा त्यातला आकडा तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतो. पण २०१३ मध्ये डेव्हिड रॉथ यांनी साडेतीन हजार करणाऱ्यांची तुलना इतरांशी केली, तर करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका उलट १८ टक्क्यांनी कमी निघाला. हे दोन्ही एकत्र वाचले तर गोंधळ वाटतो, पण ‘ताण जाणवणाऱ्या’ हे शब्द नीट पाहिले की बराचसा उलगडा होतो. दुसऱ्याचं करणं हे मुळात विष नाही. अनेकांना त्यातून बळही मिळतं. माणूस पिचतो तो एकट्यानं, न थांबता आणि शेवट न दिसता करावं लागतं तेव्हा.

स्मृतिभ्रंशात तर शेवट कुठला, हेच कळत नाही. पॉलिन बॉस यांनी यासाठी ‘संदिग्ध वियोग’ अशी कल्पना मांडली: माणूस समोर खुर्चीवर बसलेलं आहे आणि तरी गेलेलं आहे. त्याचं सुतक धरता येत नाही, कुणी भेटायला येत नाही, आणि दुःख करावं तर ‘अजून आहेत ना ते’ असं ऐकून घ्यावं लागतं. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानं दिला. या ८८ लाखांमागे प्रत्येकी निदान एक माणूस उभं असणार. त्याची गणना त्यात नाही.

इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयातली एक खोली आठवते. अरुणा शानबाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांचं केलं. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालं नाही, याची नोंद घेतली. त्यांना असं जगवावं का, यावर दोन मतं होती आणि राहतील. पण शुश्रूषेपुरतं बोलायचं तर हा चमत्कार नव्हता, ती व्यवस्था होती. तीन पाळ्या होत्या. एक थकली की दुसरी ‘ओव्हर’ घ्यायला यायची, एक पिढी निवृत्त झाली की पुढची कामाला लागायची, आणि ड्यूटी संपली की परिचारिका आपल्या घरी जायची. त्याच शहरात दहा बाय पंधराच्या खोलीत एकटी सून असंच दुखणं काढते, तेव्हा तिची पाळी संपत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. हा नियम पाळणाऱ्या एकट्या माणसाला सलग दोन तासांपलीकडे झोप मिळूच शकत नाही, हे साधं गणित डिस्चार्जच्या कागदावर कुणी लिहून देत नाही.

गिरणगावात यासाठी नेमका शब्द होता: बदली. कायमचा कामगार आला नाही तर साच्यावर उभा राहायला बदली कामगार दारात हजर असायचा. साचा बंद ठेवायचा नाही, हे मालकाला कळत होतं. घरातल्या शुश्रूषेला बदली नाही, आणि तिथे साचाही बंद ठेवता येत नाही.

म्हणूनच ‘स्वतःची काळजी घ्या’ हा सल्ला अनेकदा संतापजनक वाटतो. रात्री तीनला पाठ टेकलेल्या बाईला पहाटे पाचचा प्राणायाम सुचवणं म्हणजे तिच्या कामाच्या यादीत आणखी एक काम घालणं. प्राणायाम वाईट नाही. तो करण्याइतका वेळ आधी कुणीतरी तिच्या हातात ठेवायला हवा. संशोधनात ज्या उपायांचा टिकाऊ परिणाम दिसला, ते पाहिले तर बहुतेक ठिकाणी सल्ल्याबरोबर माणूसही आलेलं दिसतं.

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराचं करणाऱ्या ४०६ जणांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातल्या निम्म्यांसाठी समुपदेशनाच्या सहा बैठका ठेवल्या. त्यापैकी दोनच करणाऱ्याबरोबर एकट्यानं होत्या. उरलेल्या चार घरच्या इतर मंडळींसह, म्हणजे मुलं, सुना, भावंडं यांना समोर बसवून. पुढे स्वमदत गट आणि गरज पडेल तेव्हा फोन. २००६ मध्ये निष्कर्ष आला की या कुटुंबांत रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी लांबली. दीड वर्ष! सहा बैठकांत, आणि त्यातल्या चारांत भावाला एवढंच विचारायचं होतं की तू कुठल्या वारी येशील.

लंडनमध्ये गिल लिव्हिंगस्टन यांनी ‘स्टार्ट’ नावाचा आठ बैठकांचा कार्यक्रम केला. तो चालवला मानसशास्त्राच्या तरुण पदवीधरांनी, करणाऱ्यांच्या घरी जाऊन. करणाऱ्यांच्या नैराश्यावर त्याचा चांगला परिणाम सहा वर्षांनंतरही टिकलेला आढळला.

आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र गोव्याचं आहे. डॉ. अमित डायस आणि ‘संगत’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतली स्मृतिभ्रंशाची ८१ कुटुंबं घेतली. स्थानिक माणसांना जेमतेम आठवड्याचं प्रशिक्षण देऊन गृहभेटीला पाठवलं आणि मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार ठेवला. सहा महिने ही माणसं घरी येत राहिली. हा आजार आहे, हट्ट किंवा नाटक नाही हे समजावणं. अंघोळीला नकार दिला तर काय करायचं ते दाखवणं. सरकारी योजनेचा कागद भरून देणं. आणि मुख्य म्हणजे बसणं, ऐकणं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रामाणिक आहे: करणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्यानं होणारा त्रास कमी झाला, पण झारिट यांच्या प्रश्नावलीवरचं ओझं म्हणावं तितकं उतरलं नाही. तसं ते उतरणारही कसं? काम तेवढंच होतं. फक्त ते करताना बाई एकटी नव्हती. अभ्यासात ज्यांना वाट पाहावी लागली, त्या घरांनाही नंतर ही सेवा देण्यात आली.

मग बदली माणूस आणलं की प्रश्न मिटला? तेही नाही. करणाऱ्याला काही काळ सुट्टी देण्याच्या प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेनं २०१४ मध्ये आढावा घेतला, तेव्हा ठोस फायदा दाखवता आला नाही. उपलब्ध चाचण्याच मोजक्या आणि कच्च्या होत्या. त्याच वर्षी झारिट यांनी वेगळ्या रीतीनं पाहिलं. त्यांनी एकाच करणाऱ्याचे दोन प्रकारचे दिवस ताडून पाहिले, रुग्ण दिवसभराच्या केंद्रात गेला तो आणि घरी राहिला तो. केंद्राच्या दिवशी ताणाचे प्रसंग कमी आणि चांगले अनुभव जास्त होते. वर्षाकाठी एकदा मिळणाऱ्या दहा दिवसांपेक्षा दर आठवड्याचे ठरलेले दोन दिवस उपयोगी पडत असावेत, असा याचा अर्थ लावायला हरकत नाही. सुट्टी कधी येणार हे माहीत असणं हीच अर्धी सुट्टी, हे कुठल्याही नोकरदाराला पटेल.

आपल्या शहरांत बदलीचा रूढ मार्ग म्हणजे ‘ब्यूरो’. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्यूटी, ठरलेला दर, ब्यूरोचं कमिशन. मावशी येतात आणि घराला श्वास येतो. पण चोवीस तासांची ड्यूटी करणाऱ्या मावशींना बदली कोण? त्यांचीही मुलं मागे कुणाच्या तरी भरवशावर असतात, त्यांचंही जागरण तेच. एकीचा शीण दुसरीकडे, पैसे मोजून, सरकवला जातो इतकंच. तरीही परक्या माणसाची एक सोय असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात ती फार सुंदर दिसते. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या बायकोच्या पदरी पडतात. ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. मुलीला जे जड जातं ते तिला सोपं जातं, कारण तिच्यापाशी त्यांच्या विद्वत्तेची आठवण नाही, की जुना कुठला हिशेब नाही. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दूरच्या भावंडांचं प्रकरण वेगळंच. न्यू जर्सीचा मुलगा किंवा बंगळूरची मुलगी व्हिडिओ कॉलवर ‘प्रोटीन वाढवा, फिजिओ रोज हवा’ असं सांगते. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. लेनर्ड पर्लिन यांनी १९९० मध्ये करणाऱ्याच्या ताणाची जी मांडणी केली, तिच्यात रुग्णाच्या कामामुळे येणारा ताण एकीकडे आणि त्यातून उपजणारी भांडणं, नोकरीतली ओढाताण, पैशाची चणचण दुसरीकडे अशी फोड आहे. या दुसऱ्या गटानं माणूस अनेकदा जास्त मोडतो. दूर राहणाऱ्याला पाळी घेता येत नाही हे खरं. पण औषधांची मागणी, विम्याचे कागद, ब्यूरोचे पैसे ही कामं शिकागोहूनही होतात, आणि वर्षातले तीन आठवडे येऊन खरोखर अंथरुणाशेजारी झोपताही येतं.

महाराष्ट्रानं या माणसाला एक देखणा शब्द मात्र दिला आहे: शुभंकर. रुग्ण तो शुभार्थी, करणारा तो शुभंकर. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. तिथल्याच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची सुरुवात १९९७ मध्ये झाली ती कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्यामुळे. त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. अशा गटात पहिल्यांदा आलेली व्यक्ती बहुधा गप्प बसते. मग समोरची कुणी अगदी सहज सांगते की परवा मी त्यांच्यावर हात उगारला, आणि कुणीही दचकत नाही. ते न दचकणं घरात मिळत नाही. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात १९९७ पासून कर्करुग्णांची मोफत शुश्रूषा होते आणि नातलगालाही सोबत राहता येतं.

कायद्याकडे वळलं की मात्र करणारा पुन्हा अदृश्य होतो. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. जो सोडत नाही त्याच्यासाठी काही नाही. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यानं ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या केली, पगारी आणि बिनपगारी दोघांनाही तीत घेतलं, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद ठेवली. तीही सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०२४ च्या वेळवापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची ना कुणाची काळजी घेताना आढळल्या, त्याच वयाचे पुरुष २१.४ टक्के. अशा स्त्रियांची त्यात दिवसाला १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. यात मुलांचं करणंही आलं.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आणला मेरी वेबस्टर यांनी. आईवडिलांसाठी १९५४ मध्ये काम सोडलेल्या या अविवाहित स्त्रीनं १९६३ मध्ये वृत्तपत्रांना पत्र लिहिलं आणि तिच्यासारख्या असंख्य लेकींची उत्तरं आली. १९७६ मध्ये करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना वगळून. त्या तशाही घरीच असणार, असा सरकारी तर्क. तो मोडायला १९८६ उजाडलं आणि युरोपीय न्यायालयापर्यंत जावं लागलं. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. घरी करणाऱ्याच्या नावानं निवृत्तिवेतनाचा हप्ताही भरला जातो. आणि गिरणगावाला ओळखीची वाटेल अशी तरतूद तिथे आहे: करणारा आजारी पडला किंवा सुट्टीवर गेला तर बदली माणसाचा खर्च विमा देतो, २०२५ च्या जुलैपासून वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत.

आपल्याकडे केरळनं थोडी वाट चोखाळली. कालिकतला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून गावोगावी स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली, २००८ मध्ये राज्यानं धोरणच केलं. ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचं करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरले. पुण्या-मुंबईत ब्यूरोच्या बाईची एका दिवसाची ड्यूटीही त्यात जेमतेम बसेल. पण हे पैसे रुग्णाच्या नावानं येत नाहीत, करणाऱ्याच्या नावानं येतात.

ज्याचा जीव आजच मेटाकुटीला आला आहे, त्यानं धोरणाची वाट पाहू नये. स्वतःला किंवा रुग्णाला इजा करावीशी वाटू लागली तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही, दिवसरात्र आणि मोफत बोलते. स्वतःची बीपीची गोळी आणि पुढे ढकललेली तपासणी ही चैन नव्हे. आणि ‘दुसऱ्या कुणाला जमतच नाही’ हे वाक्य एकदा तपासून पाहायला हवं. न जमण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: सगळी माहिती एकाच डोक्यात असते. वॉर्डात नर्स ओव्हर देताना वहीत लिहून देते. घरातही तशी शंभर पानी वही फ्रिजवर ठेवता येते, रविवारी दुपारी येणाऱ्या धाकट्या भावासाठी. गोळ्या कुठल्या डब्यात. कुठल्या कुशीवर झोप लागते. चहा बशीत ओतून दिला तरच घेतात. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणून उठले तर वाद घालायचा नाही, त्यांच्याबरोबर चपला शोधायला लागायचं. चपला सापडेपर्यंत विसरतात.